वयाचा रकाना

इंदुरातल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, एका दुकानाच्या ओट्यावर २०२४ च्या नोव्हेंबरात टेबल मांडलेलं होतं. टेबलावर लॅपटॉप आणि बोटाचा ठसा घेणारं इवलंसं यंत्र. मागे फलक : सत्तर आणि त्यापुढच्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. आमच्या वाड्यातल्या माईंना घेऊन मी रांगेत उभा होतो. माईंचा नंबर आला. त्यांनी पदराला बोट पुसून यंत्रावर टेकवलं. चार वेळा उमटलं नाही, पाचव्यांदा उमटलं. यंत्रामागच्या पोराने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, आप तो अभी अड़सठ की हो. दो साल बाद आना."

माई महेश्वरच्या. संस्थान गेलं त्या पावसाळ्यात आपला जन्म, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या. होळकरांचं संस्थान मध्यभारतात विलीन झालं ते १९४८ साली. म्हणजे रांगेत उभ्या होत्या तेव्हा माई शहात्तर वर्षांच्या होत्या. पण त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५६. आधारचं शिबिर लागलं तेव्हा ना जन्माचा दाखला होता ना शाळेचा, कारण शाळेत त्या गेल्याच नाहीत. समोरच्या माणसाने चेहऱ्याकडे बघून साल घातलं आणि तारखेच्या जागी वर्षाचा पहिला दिवस टाकून दिला. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीला जन्मलेली आहेत ती अशी.

"तेव्हा मी तरुण दिसत असेन," माई म्हणाल्या, आणि आम्ही पूल ओलांडून घरी आलो.

पण तो एक रकाना माझ्या डोक्यातून जाईना. आजारी माणसाला वय विचारायचं आणि उत्तरावरून दार उघडायचं की लावायचं हे ठरवायचं, हा रिवाज आला कुठून? आमच्या घरातही या रकान्याने एकदा दार लावलेलं आहे. तेव्हा मागे मागे जाऊन बघितलं.

सगळ्यात जुनं टोक तर छत्र्यांपाशीच सापडतं. यशवंतराव होळकर पहिले यांच्या राणी कृष्णाबाई, त्यांच्या नावाचा हा कृष्णपुरा. त्या १८४९ साली गेल्या. खान नदीच्या काठावर त्यांची छत्री आहे आणि सोबत दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव यांच्या. (नदीला सरकारी फलकावर आता कान्ह म्हणतात. वास काही बदललेला नाही.) त्या काळच्या इंदुरात म्हातारपणी आजारी पडलेल्याला वय कोणी विचारत नसे. विचारत ते एवढंच की तू कोणाचा? दरबाराच्या पदरी असलेल्याची सोय दरबाराच्या मर्जीवर, पेढीवरच्या मुनिमाची शेटजीच्या मर्जीवर आणि बाकीच्यांची मुलांवर. वैद्य, हकीम होते. रेसिडेन्सीच्या हद्दीत १८७८ मध्ये मेडिकल स्कूल निघालं, तेच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झालं. महाराजा तुकोजीराव हॉस्पिटल झालं, त्याला आम्ही आजही एम.टी.एच. म्हणतो. औषध मिळे, पण हक्काने नव्हे. मर्जीला रकाने नसतात, हा तिचा गुण. ती कधी फिरेल ते सांगता येत नाही, हा दोष.

वयाचा रकाना पहिल्यांदा छापला गेला तो आजारासाठी नव्हेच, मरणासाठी. धूमकेतूवाला एडमंड हॅले, त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक तक्ता केला : अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी वर्षभरात किती जातील. १७६२ मध्ये लंडनमध्ये इक्विटेबल सोसायटी निघाली आणि तिने आयुर्विम्याचा हप्ता वयावर बसवायला सुरुवात केली. तोवर एकाच भावात सगळे असत. इथून पुढे विम्याच्या फॉर्मवर नावाखाली वय आलं ते कायमचं.

आपल्याकडे १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी. पुढे हिंदी माणसांचे विमे उतरवले जाऊ लागले तेव्हा त्यांच्याकडून जादा हप्ता घेत, कारण हिंदी माणूस लवकर मरतो असा हिशेब. म्हणजे आपल्याकडे वयाआधी कातडीचा रकाना होता. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल सोसायटी निघाली आणि तिने हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दराने घ्यायला सुरुवात केली. एक रकाना खोडला गेला.

आजाराच्या विम्याचं मूळ जर्मनीत. बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. सहा वर्षांनी, १८८९ मध्ये, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला. पेन्शनचं वय ठरवलं सत्तर! बिस्मार्क स्वतः तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता, कामगार मात्र सत्तरीला क्वचितच पोचत. सरकारने सत्तर हा आकडा निवडला की खर्च बेताचा राहतो, हे शहाणपण दीडशे वर्षांच्या घरात पोचलेलं आहे.

तो वारा आपल्याकडे पोचला महायुद्धात, आणि आणणाऱ्यांत मराठी नावं आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यांचा जन्म इथूनच तासाभरावरच्या महूचा. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम आलं, आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा, म्हणजे ई.एस.आय., कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. सुरुवातीला महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. आज ती मर्यादा एकवीस हजार आहे, आणि पगारातून पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचे जातात.

इंदूर गिरण्यांचं गाव. तेव्हा ही योजना इथे आली आणि रुजली. नंदानगरातल्या दवाखान्याला लोक ई.एस.आय. म्हणतच नाहीत. म्हणतात बीमा अस्पताल. माईंचे यजमान अप्पा एका गिरणीत टाइमकीपर होते. त्यांचं ई.एस.आय.चं कार्ड माईंनी अजून जपून ठेवलंय. मी ते हातात घेऊन बघितलं : जाडसर कागद, घडीवर चिकटपट्टी, विमा क्रमांक निळ्या शाईत, खाली कुटुंबातली माणसं. माईंच्या नावापुढे कारकुनाने वय लिहिलंय, तेही अंदाजानेच. पण त्या वयाला कोणी विचारत नव्हतं. या कार्डाला वयाशी देणंघेणं नाही, देणंघेणं आहे ते गिरणीच्या फाटकाशी. अप्पा फाटकाच्या आत जात होते तोवर बाळंतपण असो, टायफॉइड असो, एक पैसा पडला नाही.

मग फाटक बंद झालं. ९० च्या दशकाच्या आगेमागे एकेक करून इंदूरच्या गिरण्या थंडावल्या. हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकलेली देणी तर निम्मं आयुष्य अडकून पडली. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटींचा चेक दिला गेला तेव्हा घेणाऱ्यांत कित्येक जागी विधवा आणि मुलं होती. ई.एस.आय.त एक चांगला नियम आहे : पाच वर्षं विमाधारक राहून जो रीतसर निवृत्त होतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून तोच दवाखाना पुढे चालू राहतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ज्यांचे आईवडील कारखान्यातून निवृत्त झालेत त्यांनी आजच चौकशी करावी. पण अप्पा निवृत्त झाले नव्हते. त्यांची गिरणी निवृत्त झाली होती. ते पन्नाशीत होते आणि कार्ड नुसतं आठवण म्हणून उरलं.

आता दुसरी फांदी, आमच्या घरातली. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून सांगितलं की आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. दोनशे पंचेचाळीस कंपन्या आणि सोसायट्या मिळून १ सप्टेंबरला एल.आय.सी. झाली. ते मरणाचं झालं. बाकीचा विमा, म्हणजे आग, जहाज, मोटार हा १ जानेवारी १९७३ पासून सरकारी झाला आणि शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. पण दुखणं या सगळ्यातून निसटलं होतं. नोकरदाराला ऑफिस, कामगाराला ई.एस.आय. आणि दुकानदाराला देव. एम.वाय. म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल होतं, फुकट होतं, म्हणून विम्याची कोणाला तहानही नव्हती. आणि म्हातारे होते कुठे इतके? १९५१ च्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षं होतं. त्यात बाळमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं, पण वरच्या टोकालाही गर्दी नव्हती.

गर्दी झाली, खासगी दवाखाने आले, बिलं आली. १९८६ मध्ये चारही सरकारी कंपन्यांनी मिळून मेडिक्लेम काढला. कंपनी कुठलीही, पॉलिसी तीच. त्याच सुमाराला इन्कम टॅक्समध्ये ८० डी कलम आलं, आणि इंदूरच्या मध्यमवर्गाने मेडिक्लेम घेतला तो दुखण्याच्या भीतीने कमी, मार्चएन्डच्या भीतीने जास्त. माझ्या वडिलांनी, नानांनी, १९८८ मध्ये घेतला. एजंट ओळखीचे, घरी येऊन चहा-पोहे खाऊन फॉर्म भरून गेले. त्याची कार्बन कॉपी ट्रंकेत सापडली. वय : ४८. पूर्वीचे आजार : नाही. दोन्ही उत्तरं एजंटांच्या अक्षरात.

त्या दोन उत्तरांत पुढची तीस वर्षं भरलेली होती. पॉलिसी घेण्याआधीचा आजार त्या मेडिक्लेममध्ये कायमचा बाहेर. आणि वय हे हप्त्याचं माप. १९९६ साली गरिबांसाठी जन आरोग्य पॉलिसी आली, वर्षाला पाच हजारांचं संरक्षण देणारी. तिचा दरतक्ता म्हणजे या रकान्याचा एक्स-रेच : पंचेचाळीसपर्यंत ७० रुपये, पंचावन्नपर्यंत १००, पासष्टपर्यंत १२०, सत्तरपर्यंत १४०. सत्तरीच्या पुढे ओळच नाही. कागद तिथे संपतो.

या काळात एक शहाणी पॉलिसीही निघाली होती, भविष्य आरोग्य. कमावत्या वयात हप्ते भरायचे आणि निवृत्तीनंतर आजारपणाचं संरक्षण घ्यायचं. म्हातारपणाचा खर्च तरुणपणी वाटून घ्यायचा, हीच तर या सगळ्याची गुरुकिल्ली. पण ती फारशी खपली नाही. तीस वर्षांनंतरच्या हर्नियासाठी आज पैसे भरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. एजंटांनाही तिच्यात रस नव्हता.

२००३ मध्ये आमचं दार लागलं. नाना मुंबईला काकांकडे गेले होते, हप्त्याची तारीख नऊ दिवसांनी चुकली. पंधरा वर्षांत दोन क्लेम, दोन्ही लहान. परत येऊन चेक घेऊन गेले तर ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, पॉलिसी तुटली, आता नवा प्रस्ताव भरा. नवा भरला. उत्तर तोंडी आलं : साठीच्या पुढचा नवा प्रस्ताव आम्ही घेत नाही. लेखी द्या म्हटलं तर लेखी देत नाहीत. नाना तेव्हा त्रेसष्ट. घरी येऊन त्यांनी पंधरा वर्षांच्या पावत्या एका दोरीने बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या.

दोष त्या बाईंचा नव्हता. तेव्हाचा कारभारच तसा होता. म्हाताऱ्याला नकार द्यायला कारण लागत नसे आणि कारण लिहून द्यायला कोणी बांधील नव्हतं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिमान कृष्ण बोस यांच्या प्रकरणात बजावलं होतं की सरकारी विमा कंपनी मनाला येईल तसं मेडिक्लेमचं नूतनीकरण नाकारू शकत नाही. पण ते रिन्यू करण्याबद्दल होतं. तुटलेली पॉलिसी म्हणजे नवा माणूस, आणि नवा माणूस साठीच्या आतला हवा.

पुढचा प्रवास नियमांचा आहे, आणि तो कोरडा वाटला तरी त्यातला प्रत्येक नियम कोणा ना कोणा नानांच्या पावत्यांतून आलेला आहे. विमा नियामक, म्हणजे आय.आर.डी.ए., २००० साली कामाला लागला. २००७ मध्ये त्याने के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठी समिती नेमली. २००९ मध्ये परिपत्रक निघालं : निदान पासष्टपर्यंतच्या माणसाला दार उघडं ठेवा, नकार दिलात तर कारण लेखी द्या, प्रस्ताव स्वीकारलात तर तपासणीचा निम्मा खर्च परत करा. नाना तेव्हा एकोणसत्तर. ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आली, म्हणजे जुन्या कंपनीत घालवलेली वर्षं बरोबर घेऊन दुसरीकडे जाता येऊ लागलं. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर रिन्यू करण्याचा हक्क दिला. पूर्वीच्या आजाराला कायमची बंदी होती तिची चार वर्षांची प्रतीक्षा झाली. १ एप्रिल २०२४ पासून तीच तीन वर्षांवर आली. आणि त्याच दिवसापासून प्रवेशाच्या वयाची कमाल मर्यादा नियमातून गेली. पासष्टपर्यंत घ्यायलाच हवं हे किमान बंधन होतं, त्याऐवजी सर्व वयांसाठी पॉलिस्या ठेवा असं आलं. नाना २०१९ मध्ये गेले.

रकाना पुसला गेला, असं वर्तमानपत्रांनी तेव्हा छापलं. माझं मत वेगळं आहे. रकाना पुसला गेला नाही, तो सरकून हप्त्याच्या रकान्यात जाऊन बसला. आता नाही म्हणत नाहीत, आकडा सांगतात. आकडा ऐकून माणूस स्वतःच नको म्हणतो. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा असं सांगितलं, ते उगीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा अठरा टक्के जी.एस.टी. गेला, तोही दिलासाच. पण पायाच उंच असला की सवलतही उंचावरूनच मिळते.

आणि रकाना आणखी एका जागी जाऊन बसलाय, बारीक अक्षरात. नानांनी २०१० मध्ये दुसऱ्या एका कंपनीची खास ज्येष्ठांसाठीची पॉलिसी घेतली. तीन लाखांची. त्यात खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार, आणि वीस टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला पाचवा हिस्सा आपला. पुढे खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सहा हजारांची खोली घेतली. वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. बिल समजा एक लाख ऐंशी हजारांचं : खोली पाच दिवसांची तीस हजार, सर्जन-ओटी-नर्सिंग नव्वद हजार, औषधं-तपासण्या-इम्प्लांट साठ हजार. खोली दुप्पट भावाची घेतली म्हणून खोलीचे पंधराच धरले, ते ठीक. पण त्याच प्रमाणात सर्जन आणि ओटीचेही नव्वदाचे पंचेचाळीस केले. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कात्री लावायची नसते, म्हणून साठ पूर्ण. झाले एक लाख वीस. त्यातून पाचवा हिस्सा वजा : शहाण्णव हजार. एक लाख ऐंशीतले चौऱ्याऐंशी हजार आमचे. खोलीत टी.व्ही. होता, तो नानांनी लावलाही नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, आमच्याकडे उलटं आहे, पासष्टला दार उघडतं. खरंय. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन मेडिकेअरवर सही केली आणि पहिलं नाव एक्क्याऐंशी वर्षांच्या माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचं नोंदवलं. कारणही तेच होतं : म्हाताऱ्यांना खासगी कंपन्या विमा देत नव्हत्या किंवा परवडेल असा देत नव्हत्या. म्हणजे रोग दोन्हीकडे एकच. तिकडे त्यावर एकोणसाठ वर्षं आधी इलाज झाला, एवढाच फरक. पण तिथेही बारीक अक्षर आहेच. डॉक्टरच्या बिलाचे साधारण ऐंशी टक्के मेडिकेअर देतं, उरलेल्यासाठी लोक पुरवणी पॉलिसी घेतात. नाव नोंदवायला पासष्टाव्या वाढदिवसाच्या आसपास सात महिन्यांची खिडकी. ती चुकली आणि दुसरं संरक्षण नसलं तर डॉक्टरच्या भागाचा हप्ता जन्मभर जास्त. भाच्याने आईला ग्रीन कार्डावर नेलं, तर तिला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय हप्ता भरूनही आत घेत नाहीत. तोवर ताई दातदुखी झाली तरी डिसेंबरात इंदूरला येते. सराफ्यात खाऊनही जाते, ते वेगळं.

आपल्याकडे सत्तरीचं दार उघडलं ते २९ ऑक्टोबर २०२४ ला. त्याचे पूर्वज म्हणजे २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, गरीब कुटुंबाला तीस हजारांची, आणि २०१८ ची आयुष्मान भारत, पाच लाखांची. मध्य प्रदेशात तिला निरामयम् हे नावही आहे. दोन्हींत विचारत ते गरीब आहेस का हे. २०२४ मध्ये पहिल्यांदा असं झालं की श्रीमंत-गरीब न बघता फक्त वय विचारलं, आणि वय जास्त म्हणून हो म्हटलं. हे या रकान्याच्या इतिहासात नवीन आहे आणि मला त्याचं मोल वाटतं. पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं, ई.एस.आय. असलं तरी मिळतं. केंद्र सरकारी नोकरांच्या सी.जी.एच.एस.वाल्यांना मात्र दोनातलं एक निवडावं लागतं. नवराबायको दोघं सत्तरीचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. बाहेरून दाखवून घेणं, रोजच्या बी.पी.-शुगरच्या गोळ्या यात येत नाहीत. योजनेच्या यादीतलाच दवाखाना हवा आणि जनरल वॉर्ड.

म्हणून माझ्या वयाची माणसं विचारतात की आता आईवडिलांची जुनी पॉलिसी बंद करू का, त्यांना मी एकच सांगतो : जी पॉलिसी चालू आहे ती एक दिवसही तुटू देऊ नका. तिच्यात पाच वर्षं सलग झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराचं कारण काढून क्लेम नाकारता येत नाही. ही पाच वर्षं सत्तरीत पुन्हा कमवायला वेळ नसतो. हप्ता झेपत नसेल तर रक्कम कमी करा, वर सुपर टॉप-अप घ्या, पोर्ट करा, पण तारीख चुकवू नका. सत्तरीला कार्ड काढा, ते पॉलिसीच्या जोडीला ठेवा. साठीच्या पुढच्या ज्यांना पॉलिसीच नाही त्यांच्या औषधपाण्याचा खर्च वर्षाला पन्नास हजारांपर्यंत इन्कम टॅक्सच्या वजावटीत दाखवता येतो, जुन्या करपद्धतीत असाल तर. क्लेम अडला आणि कंपनी महिनाभर ऐकेना तर भोपाळला विमा लोकपाल आहे. फुकट. आणि आईवडिलांच्या आधारवरची जन्मतारीख आजच काढून बघा.

माईंच्या तारखेसाठी आम्ही खूप फिरलो. दुरुस्तीला कागद मागतात आणि कागद नाही. महेश्वरला जाऊन आलो, जन्माची नोंद मिळाली नाही. अप्पांचं ई.एस.आय.चं कार्ड नेलं, त्यावर माईंचं वय होतं, त्या हिशेबाने माई आणखी तिसऱ्याच साली जन्मल्या होत्या. ऑपरेटर हसला. मीही हसलो. माई म्हणाल्या, राहू द्या, सत्तरीची मी पुन्हा होईन.

२ जानेवारी २०२६ ला, शुक्रवारी, आम्ही परत गेलो. या वेळी बोट दुसऱ्याच प्रयत्नात उमटलं. कार्डावर माईंचा फोटो आहे, नाव आहे आणि जन्मसाल १९५६. या पावसाळ्यात त्यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण होतील.